इकडून तिकडे

कंदील जवळ आण, अम्बोकिले,
सौर बॅटरी पहाटेआधीच दगा देते.
सरोवराकाठच्या भातखाचरांतून
सायकलवर आणलंय या पोराला,
बापाच्या पाठीला कापडानं बांधून.
आई म्हणते, दुपारी एकदा हातपाय ताठले,
डोळे फिरले,
तेव्हापासून झोपलाय.

झोप वेगळी.
झोपेला कूस असते.
झोपलेलं मूल माशी बसली की नाक मुरडतं,
हाकेला कुरकुरत का होईना, परत येतं.
सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात,
पण चार वर्षांच्या लुसेकेलोला
एवढं चांगलं सोंग कुठून येणार?
झटक्यानंतरची गुंगी तासाभरात उतरते.
याची दिवस बुडायच्या आधीपासून उतरलेली नाही.

पेन्सिल घे.
नखाच्या मुळाशी आडवी धर आणि दाब.
अजून.
तुझा हात का कचरतोय, ठाऊक आहे मला.
इथे माया अशीच करायची असते,
दुखवून विचारायचं:
आहेस का रे घरात?

हात ओढून घेतला. बरं.
आता छातीच्या हाडावर मुठीची पेरं रगड.
त्यानं तुझी मूठ ढकलायला हवी होती.
नाही ढकलली. मग एकच.
रडला नाही, कण्हला. त्याचाही एक.
(मला या वॉर्डातला सगळ्यात गोड आवाज विचारशील
तर पोरानं ठोकलेली बोंब.)

आता आईला सांग:
तुम्पे, खाटेच्या या अंगानं त्या अंगाला चाल,
तोंड त्याच्याकडे ठेवून.
ती चालते. कापडावरचे पिवळे अननस
भिंतीवर सावली होऊन चालतात.
पोराचे डोळे अर्धे उघडे,
तिच्याकडे नाहीत, कशाकडेच नाहीत.
लिही. डोळे: शून्य.
बेरीज दोन.

पट्टीवर दोन रेघा उमटल्या, त्या मला हाताशी धरल्यावरच कळल्या होत्या.
तळवा बघ, माझ्या तळव्याशेजारी धरून,
धुतलेल्या तांदळासारखा.
श्वास ऐक, पळून आल्यासारखा खोल,
आणि हा तर जागचा हललेला नाही.
साखर तपास, आधी ती भर.
इंजेक्शन मी देते. पुढचं बारा तासांनी,
घड्याळाकडे बघून, माझ्याकडे नाही.

थांब.
डावी करंगळी.
आई म्हणते, ठेका धरलाय, ढोल आवडतो त्याला.
ठेका नव्हे.
आकडी अशीही येते, कुठल्याच आकड्यात न सापडणारी:
एक करंगळी, ओठाचा एक कोपरा,
बुबुळाची बारीक थरथर.
पूल वाहून गेला त्या वर्षी
अशीच एक करंगळी मी पाहिली,
आणि पाहिली नाही.
दोन वाजता वहीत लिहिलं: शांत झोपली आहे.
अक्षर छान आलं होतं.
तिची आई साडेतीनला मला उठवायला आली,
मुलीला नाही.
तेव्हापासून या वहीत
तो शब्द मी कुणाला लिहू देत नाही.

शहरातले डॉक्टर बाहुली थेंबांनी मोठी करून
डोळ्याच्या तळाशी उतरतात.
तिथे म्हणे पांढुरके पट्टे दिसतात,
रक्ताचे ठिपके, मधोमध फिके.
आपल्याकडे ते यंत्र नाही.
आपल्याकडे ही चालणारी बाई आहे.

तिला थांब म्हणायला आपण विसरलो, बघ.
करंगळी शांत झाली, कंदील एकदा विझून पुन्हा लागला,
बाहेर मासेमारांच्या होड्या परतल्या,
आणि ती चालतेच आहे,
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आता अनवाणी.

तुला दिसलं?
नको, माझ्या सांगण्यावर लिहू नकोस.
तिला पुन्हा एकदा त्या टोकाला जाऊ दे.
सावकाश.

लिही, अम्बोकिले.
डोळे: एक.
या रकान्यात
याहून मोठा आकडा नसतो.